नदीकाठची स्पर्धा आणि अँगसमामाची काठी

स्पर्धेचं उद्घाटन दरवर्षी अँगसमामा करायचा, आणि त्या भाषणाची नक्कल येत नाही असं पोर आक्वेसास्नेत, आमच्या नदीकाठच्या मूलनिवासी वस्तीत, शोधून सापडणार नाही. माइक ओठांना चिकटवायचा, खोकायचा, आणि मग नाकातून: "अलीकडचे बसा. पलीकडचे बसा. लांबून आलेले, तुम्ही आधी सूप पिऊन घ्या." झालं भाषण. माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, मागून ओरडायची, "अरे, पाहुण्यांच्या देशांची नावं तरी घे!"

"नावं जमत नाहीत मला, थेरेसा. वाढायला जमतं."

हिवाळाभर हॉकीच्या रिंगणातलं बर्फ सांभाळणं ही मामाची नोकरी. वसंतात बर्फ काढलं की खाली उरायची नुसती फरशी आणि भोवती लाकडी कठडे. त्या कठड्यांच्या आत, जाळीच्या काठ्यांनी चेंडू झेलत-फेकत खेळायचा बॉक्स लॅक्रोस हा त्याचा जीव. आई अजून शाळेत होती तेव्हा त्यानं पोरांची स्पर्धा काढली आणि नाव दिलं 'आंतरराष्ट्रीय'. ती नुसती थट्टा होती. दोन देशांची सीमा आमच्या वस्तीच्या मधूनच गेलेली, त्यामुळे संघही दोनच होते, एक नदीच्या अलीकडचा, एक पलीकडचा, आणि निम्मी पोरं एकमेकांची मावसभावंडं. पहिल्याच वर्षी पुलावर सीमेवरच्या अधिकाऱ्यानं मामाची गाडी अडवली.

"प्रवासाचा हेतू?"

"जागतिक स्पर्धा, साहेब."

"खेळाडू कुठायत?"

"मागं झोपलेत. त्यातल्या दोघांचे दुधाचे दात पडायचेत अजून."

तेव्हा चषक म्हणून चर्चमधली कॉफीची किटली दिली होती. पुढे थट्टाच खरी झाली. आयर्लंडहून पोरं आली, मग चेकियाहून. त्यांचे प्रशिक्षक विचारायचे, हॉटेल कुठंय? मामा म्हणायचा, "हॉटेल कशाला? माझ्या बहिणीकडं सोफा आहे." तेव्हापासून पाहुणी पोरं घराघरांत उतरतात.

चेकियाचा वोइता दोन उन्हाळे मामाकडं उतरला. हाडकुळा, लाल कानांचा, गोलरक्षकाचं अवजड चिलखत घातलं की कपाटात अडकल्यासारखा दिसायचा. पहिल्या दिवशी मक्याच्या सूपकडं त्यानं असं पाहिलं, जणू कुणी त्यात मोजे उकळलेत. आठवडा संपता संपता पातेलं खरवडत होता. मामा एकटा. लग्न नाही, मूल नाही. त्या दोन उन्हाळ्यांत त्याच्या स्वयंपाकघरातून हसणं ऐकू यायचं.

दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात आमच्या पोरांनी वोइताच्या संघाला अक्षरशः धुतलं. सामना संपला तरी तो कठड्याला टेकून रडत बसला. मामा घरी गेला आणि भिंतीवरची काठी घेऊन आला. हिकरीच्या लाकडाची, टोकाला कातडी वाद्यांची जाळी विणलेली, त्याच्या बापानं केलेली. ती त्यानं वोइताच्या हातात ठेवली.

रिंगणातले सगळे माना वळवून बघायला लागले. पोरं हल्ली प्लास्टिकच्या काठ्यांनी खेळतात, ते वेगळं. लाकडी काठी पुरुषाला जन्मताच मिळते आणि मेल्यावर शवपेटीत त्याच्याबरोबर जाते. वर पोचल्यावर तोच खेळ खेळायचा असतो. बायका तिला हात लावत नाहीत. मी सात वर्षं लॅक्रोस खेळतेय, पण मामाच्या भिंतीजवळून जाताना हात पाठीमागे बांधूनच जायचे.

काठ्या करणारा ओरिनकाका तिथंच उभा होता. "अँगस, वेडा झालास का? तू काय घेऊन जाणार?"

"तू आहेस ना. कर दुसरी."

"सांग, कधी करू?"

"घाई काय आहे? पुढच्या वसंतात."

मग वोइताला त्यानं खुणा करकरून सगळं समजावलं: ही काठी, ही पेटी, हे वर आकाश. वोइतानं मान डोलावली. मामाचा पुढचा वसंत मात्र दरवर्षी पुढंच जात राहिला.

वोइता परत आला नाही. चेकियाची नवी पोरं यायची, मामा दारातच विचारायचा, "वोइता कुठंय?" ती एकमेकांकडं बघायची आणि एकच शब्द म्हणायची, "परीक्षा." मामा फणफणायचा. "परीक्षा म्हणे! शिकून काय राष्ट्राध्यक्ष होणार आहे? सूप विसरला, भडवा."

या हिवाळ्यात मामाच्या फुप्फुसात गाठ निघाली. पहिल्यांदा तो घाबरला तो मरणाला नाही. आईनं उशी सरळ केली तेव्हा म्हणाला, "थेरेसा, वर बा विचारेल, काठी कुठाय? मी काय सांगू? दुसऱ्यांचा खेळ कठड्याबाहेरून बघत बसू?"

ओरिनकाका त्याच आठवड्यात जंगलात गेला, हिकरीचं झाड पाडून आला. खोडाची उभी फाक काढली, वाफवली, टोक वाकवलं, दोरीनं बांधलं. पण हिकरीला वाळायला दोन उन्हाळे लागतात. मामाकडं एकही नव्हता.

आई म्हणाली, "त्या पोराकडून मागवू या."

"दिलेलं मागायचं नाही."

"अरे, तो आनंदानं पाठवेल!"

"म्हणूनच मागायचं नाही."

आईनं ऐकलं नाही. दुपारी आमच्या घरून तिनं चेकियाच्या प्रशिक्षकाला, पेपाला फोन लावला. मी शेजारीच होते. पेपाचा आवाज एरवी ढोलासारखा. मी त्याची नक्कल करायला लागले की मावश्या हसून लोळतात. त्या दिवशी तो आवाज विझल्यासारखा झाला.

"थेरेसा... वोइता नाही आता. तुमच्याकडून घरी परतला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात. मोटारसायकल, बर्फाळ रस्ता."

आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काठी त्याच्याबरोबर गेली," पेपा म्हणाला. "तो सगळ्यांना सांगायचा, तिकडं असं करतात म्हणून. त्याच्या आईनं, ब्लांकानं, स्वतः पेटीत ठेवली. चर्चमध्ये पूर्ण वेळ ती काठी मांडीवर घेऊन बसली होती. कुणाला देईना."

"आणि आम्हाला कळवलं नाहीत?"

"अँगसनं त्याला काठी दिली होती. त्याला कुठल्या तोंडानं सांगणार? पोरांना मीच सांगितलं, परीक्षा म्हणा."

आई दोन दिवस मामाकडं गेली नाही. गेली तेव्हा तिचा चेहरा बघूनच मामा म्हणाला, "मागितलीस ना?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. मामा भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघत राहिला.

"त्या बाईनं हात लावला काठीला?"

आईनं मान खाली घातली. "तिला माहीत नसेल, अँगस."

"काठी वाळत असली की बा तुम्हा सगळ्या बायकापोरींना अंगणातून हाकलायचा. आठवतं?" त्याला ढास लागली. "असू दे. पोराला एकटं पाठवलं नाही तिनं. बरं केलं."

मग तोंडावर पांघरूण ओढलं आणि आतून म्हणाला, "परीक्षा! आणि मी दरवर्षी त्याला शिव्या घालत बसलो." पांघरूण हलायला लागलं. आईनं त्यावर हात ठेवला. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्या दिवशी कुणाचीच नक्कल करावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओरिनकाकाला बोलावलं. "काठी जेवढी झालीय तेवढी आण."

"ओली आहे रे. नुसता दांडा. आत्ता जाळी विणली तर लाकूड वाळताना सगळी ढिली पडेल."

"मग विणू नकोस. वाद्या बरोबर दे."

"अर्धवट काम मी देत नाही," ओरिनकाका चिडून म्हणाला. चिडला की तो तोतरा होतो. त्या दिवशी फारच झाला. "लोक क-काय म्हणतील? ओरिनची काठी!"

"लोक खाली असतात, ओरिन. मी वर चाललोय."

बर्फ काढायच्या आतच मामा गेला. रिंगणाचं काम त्या आठवड्यात ओरिनकाकाच्या पोरानं केलं, मशीन दोनदा बंद पडली. चेकियाची पोरं ठरल्या दिवशी आली. पेपानं यावेळी त्यांना सगळं खरं सांगून आणलं होतं. ती मामाच्या पायरीवर रांगेत उभी राहिली. आईनं त्यांना आत बोलावून सूप दिलं.

पण त्याआधी, मामाला नेलं त्या सकाळची गोष्ट. पुरुषांनी त्याच्या उजव्या हाताशी ती काठी ठेवली. दोरी सोडलेली, टोक थोडं उघडलेलं, सालीचा ओला वास येत होता. शेजारी वाद्यांची गुंडाळी. झाकण ठेवायला चौघे वाकले आणि काठी घरंगळून त्याच्या कोपराखाली गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं. तिचा हात पुढं गेला, अगदी लाकडापर्यंत गेला.

तिथंच थांबला.

"ओरिन," ती म्हणाली, "हातातून सुटलीय त्याच्या. नीट दे त्याला."

ओरिनकाकानं काठी उचलून मामाच्या बोटांत बसवली. आईनं आपला हात दुसऱ्या हातात घट्ट धरला होता. झाकण लागलं, खिळे ठोकले, सगळे निघाले, तरी तिनं तो सोडला नव्हता.