एडवर्ड, म्हणजे आमचे दत्ताकाका

फोन उचलला की दत्ताकाकांचा आवाज बदलायचा. घरात मोकळाढाकळा नागपुरी बोलणारा माणूस एकदम खर्जात जाऊन इंग्रजीत सांगायचा, "एडवर्ड बोलतोय." अमेरिकेत आल्यावर शॉमबर्गमधल्या पहिल्या साहेबाला 'दत्तात्रेय' म्हणता येईना, म्हणून काकांनीच हे नाव निवडलं होतं. त्यांच्या घरी भाड्याने राहणारे आम्ही विद्यार्थी पाठीमागे हसायचो.

मला खरं तर ते खटकायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा माझं नाव प्रत्येक फॉर्मवर जपून लिहीत. एकदा चाचरत विचारलंच, "काका, नाव सोडताना वाईट नाही वाटलं?"

"सोडलं कुठे, पोरी? घरी ठेवलंय. आणि एडवर्डचा अर्थ माहितीये? संपत्तीचा राखणदार. संपत्तीचा पत्ता नाही, राखण तेवढी चालू आहे." हे सांगताना माझ्या डब्यात एक पोळी जास्त गेली.

मार्चमध्ये लायब्ररीत बुद्धिबळ खेळताना ते चक्कर येऊन पडले. मी सहज त्यांना फोन केला, तो त्यांच्यासोबत खेळणाऱ्याने उचलला. डोक्याला लागलं होतं, हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. काकांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. ओळखपत्र असलेलं पाकीट घरीच राहिलेलं. डॉक्टरांना हे कोण सांगणार?

धावत हॉस्पिटल गाठलं आणि काउंटरवर मी काकांचं खरं, पूर्ण नाव सांगितलं.

"या नावाचं कोणी नाही."

स्पेलिंग सांगितलं. तरीही नाही. मागे रांग वाढत होती. सॉरी म्हणून बाजूला व्हायची माझी जुनी सवय, पाय वळलेही. मग ते नाव पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. "एडवर्ड. प्लीज, एडवर्ड बघा."

"आडनाव न लिहिलेले एक आहेत. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी भाडे... पुतणी. त्यांच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगायचंय!"

त्या बाई धावतच आत गेल्या. डोक्यात रक्तस्राव सुरू झाला होता; वेळेत कळलं, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी डोळे उघडले. "कोणत्या नावाने सापडलो?"

"एडवर्ड."

"तुला तर आवडत नव्हतं ना!"

पुढे ते मुलीकडे बेलव्ह्यूला राहायला गेले. विमानतळावर त्यांनी पाकिटातलं एक कार्ड दाखवलं. त्यावर थरथरत्या अक्षरात दोन्ही नावं होती. खाली, अडचणीत कोणाला कळवायचं तिथे, मुलीच्या नावानंतर माझं नाव. नातं : पुतणी.

"काका, हे खोटं आहे," मी कशीबशी म्हणाले.

"हॉस्पिटलात नोंद झालीये," ते म्हणाले. "आता बदलता येत नाही."