जिन्यातलं पोलंड

निशिगंधाच्या हाराचा वास आला की मला अजून भिवंडीतल्या आमच्या कॉलेजचा हॉल आठवतो. इतिहासाच्या मॅडम त्या दिवशी पोलंडवर बोलणार होत्या. रशियन राजवटीत वॉर्सामध्ये मुलींना विद्यापीठ बंद होतं, तेव्हा घरं बदलत चोरून वर्ग भरायचे, त्याबद्दल. महिनाभर त्या वाचत होत्या. पण आधी सत्कार. जवळच वडपे गावात गोदामं असलेले संस्थेचे अध्यक्ष, त्यांचे भाऊ, भावांचे व्याही, सगळ्यांना शाल, नारळ, हार. मॅडम माइकपाशी पोचल्या तेव्हा मंडपवाला खुर्च्या घेऊन दारात उभा. "मॅडम, आटपा, हॉल पुतण्याच्या हळदीला दिलाय," अध्यक्ष म्हणाले, "पोलंड काय पळून जात न्हाय!" मॅडमनी कागद उचलले, मुलींना जिन्यात बसवलं आणि तिथं बोलायला सुरुवात केली. मुली ऐकत होत्या. तेवढ्यात अध्यक्ष फोटोवाल्याला घेऊन आले. "सरका जरा, मला मधे बसू द्या." मधोमध बसून त्यांनी मुलींना स्वतःच्या गोदामांचा इतिहास सांगितला, मॅडम कागद धरून कठड्याशी उभ्या राहिल्या. तो फोटो अजून कॉलेजात आहे, खाली 'पोलंडविषयी मार्गदर्शन करताना माननीय अध्यक्ष'. परवा पाहिला तर त्याला, गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा, निशिगंधाचा ताजा हार घातलेला होता, आणि अध्यक्ष तर ठणठणीत आहेत.