पेटीच्या सुराला ओढलेली गिटार

बुधवारी बायको वारली. सकाळी ती जीपनं अमडापूरला शाळेत शिकवायला गेली. जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवर बसली आणि उठली नाही. शाळेतून फोन आला तेव्हा मी चिखलीत, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होतो. फोन ठेवला, हातातल्या पुस्तकावर शिक्का मारला आणि निघालो.

तिच्या साड्या तिच्या बहिणीनं नेल्या. चष्मा, पर्स, शाळेचा डबा हे सगळं मी हळूहळू आवरलं. गिटार राहिली. ती कपाटामागे होती, तोंड भिंतीकडे करून. तशी तिनंच ठेवली होती आणि पुन्हा बाहेर काढली नव्हती.

आमच्याकडे विहारात पौर्णिमेला बायका गाणी म्हणतात. तिनं आपल्या आईवर एक गाणं रचलं होतं. ते तिला एकदा तिथं म्हणायचं होतं, स्वतः गिटार वाजवत. ढोलकी-पेटी नको होती. "ढोलकीत माहे शब्द बुडतात," म्हणायची. म्हणून चाळिशी उलटल्यावर तिनं क्लास लावला. कापडाच्या दुकानावरची खोली, खाली सतरंजी, समोर पेटी घेऊन बसलेले सर. सर तरुणपणी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गिटारही त्यांनीच निवडून दिली होती.

एका रविवारी ती क्लासहून आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो.

"काय झालं?"

"काही नाही." मग पीठ मळता मळता म्हणाली, "सर म्हणाले, म्याडम, हे हात भाकरी थापाचे हायेत, काऊन तारांच्या मागं लागता? पोट्टे हसले. त्यातले दोघं माह्या वर्गातून गेलेले होते."

"तू काय म्हणालीस?"

"मी बी हसले. खरंच हाय ते. माह्या हातातच नाही."

हे वाक्य ती पुढे अनेकदा बोलली. गाण्याचा विषय निघाला की बोलायची, निकाल सांगितल्यासारखं. ते तसंच मनात धरून ती गेली.

मी मितभाषी माणूस आहे. ग्रंथालयात आवाज चढवावा लागत नाही, घरीही कधी लागला नाही. पण ती गेल्यावर माझ्या डोक्यात सर येऊन बसले. त्यांच्या पेटीचा भाता ब्लेडनं कसा कापता येईल, इथपर्यंत मी पोचलो होतो. पुस्तक उघडावं तर अक्षरांच्या मागे त्यांचा चेहरा दिसे, विड्यानं ओठ लाल झालेला.

मग एकदा मी गिटार बाहेर काढली. एफ नावाच्या कॉर्डवर, म्हणजे सुरांच्या एका जुळणीवर, ती अडली होती. त्यात पहिलं बोट दांडीवर आडवं ठेवून सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात. मी तसं बोट ठेवलं. तारा दबेनात. जोर लावला तर बोटावर वळ उठले आणि आवाज आला तो पाट ठोकल्यासारखा. नवशिक्याचं असंच होणार, असं समजून मी ती खाली ठेवली.

कॉलेजच्या सांस्कृतिक खोलीत एक जुनी गिटार टांगलेली असते. काही दिवसांनी तिथं एकटाच होतो म्हणून सहज तिच्यावरही तसंच बोट ठेवलं. तारा बोलल्या. सगळ्या नाही, पण बोलल्या. माझ्या, कधी काही न वाजवलेल्या बोटाखाली. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. हात तेच होते. दोन्ही गिटारींत फरक होता.

आमच्या ग्रंथालयात यावर एकही पुस्तक नाही. मी मोबाईलवर वाचलं, माणसं गिटार दुरुस्त करतात ते व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. गिटारीची दांडी अगदी थोडी आत झुकलेली असावी लागते. ते तपासायची रीत सोपी आहे. एकच तार दांडीच्या वरच्या टोकाला दाबायची आणि दांडी खोक्याला मिळते तिथंही दाबायची. ताणलेली तार म्हणजे मग सुताराची दोरी. मधे तार आणि दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या यांत कागद जाईल एवढी फट असावी. तिच्या गिटारीत आगपेटीची काडी गेली. एक डोळा मिटून दांडीच्या कडेनं पाहिलं, तर लाकूड धनुष्यासारखं वाकलेलं दिसलं.

का वाकलं? उन्हाळ्यात गिटार कूलरसमोर असायची, म्हणून आधी मला ओल लागल्याचा संशय आला. पण कॉलेजातली गिटारही कूलरच्या खोलीतच असते. मग तारांकडे पाहिलं. त्या कॉलेजातल्या तारांपेक्षा सरळसरळ जाड होत्या. मोबाईलवर सूर तपासला. वापराविना उतरूनही तारा हव्या त्यापेक्षा चढ्याच होत्या. तेव्हा मला तिचं बोलणं आठवलं. क्लासहून आली की म्हणायची, "सरांनी पेटीवरून सूर लावून देला."

पुढच्या रविवारी मी गिटार खांद्याला लावून क्लासला गेलो. तिला काहीही केलं नव्हतं. ती तशीच वाकडी हवी होती.

सरांनी मला ओळखलं. "या भाऊ. म्याडमचं लय वाईट झालं." मग गिटारीकडे पाहून, "आता तुमाले शिकाचं?"

"हो," म्हणालो आणि सतरंजीवर पोरापोरींच्या रांगेत बसलो.

सरांनी गिटार घेतली, पेटीवर पांढरी दोन ही पट्टी धरली आणि खुंट्या पिळायला लागले. गिटारीचा सा त्यांना तिथं हवा होता, कारण ऑर्केस्ट्रातली त्यांची गाणी त्या पट्टीत बसलेली होती. गिटारवाले सूर चढवायला तारा ओढत नाहीत, दांडीवर कॅपो नावाचा चिमटा लावतात. मी मुद्दाम विचारलं.

"कॅपो म्हंजे कुबडी," सर म्हणाले. "आपल्या क्लासात चालत नाही. माह्या उस्तादानं सगळ्या गिटारी अशाच पेटीले लावल्या. तार जाड घ्याची अन् बिनधास्त ओढाची."

म्हणजे रविवारमागून रविवार जाड तारा ओढल्या जात होत्या आणि लाकूड वाकत होतं. तिची बोटं त्या वाकलेल्या लाकडाशी झगडत होती, आणि पोरं हसत होती.

मी एफ धरायचा प्रयत्न केला. आवाज ठक्क आला. सर हसले. "भाऊ, तुमचे हात पुस्तकाचे. पानं उलटा."

पोरं हसली. मी याचीच वाट पाहत होतो.

"सर, एकदा तुम्ही दाखवा ना. याच गिटारीवर."

त्यांनी गिटार मांडीवर घेतली, पोरांकडे पाहिलं आणि बोट आडवं ठेवलं. ठक्क. पुन्हा दाबलं, मनगटाची शीर फुगली. पुन्हा ठक्क.

"सर, ठकठक करून राह्यली ना ते," मागून एक मुलगी म्हणाली.

"चूप बे. तार गंजली हाय."

मी खिशातून आगपेटी काढली. तार दोन्हीकडे दाबून काडी मधून आरपार सारून दाखवली आणि काय बघायचं ते मुलांना समजावलं. मग आगपेटी त्या मुलीकडे दिली. ती रांगेतून फिरली.

"माह्याबी गिटारीत जाते, सर!"

"माह्यात तं दोन जातीन!"

मुलांना मजा वाटत होती. सर पेटीवर हात ठेवून बसले होते. मी एवढ्या माणसांत पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो.

"म्याडमच्या हातांबद्दल बोलला होतात ते मागं घ्या. इथंच."

"मजाकमध्ये बोललो असन, भाऊ. आता त्या गेल्यावर..."

"ती जिवंत असताना बोललात. पोरांसमोर बोललात."

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. जिन्यात कोणाचे तरी वडील येऊन उभे राहिले होते.

"म्याडमच्या हातात खोट नव्हती," सर म्हणाले.

"मग कशात होती?"

"गिटारीत."

"ती कोणी ओढली होती?"

त्यांनी पेटीचा भाता बंद केला. "म्या," ते म्हणाले.

जिना उतरताना मला आनंद झाला होता. बायको गेल्यापासूनचा तो पहिला आनंद. नंतर कळलं की बऱ्याच आईबापांनी मुलं काढून घेतली आणि रविवारी तिथली पेटी ऐकू येईनाशी झाली. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. ते म्हातारे होत चाललेत, त्यांना दुसरं काही येत नाही, असं मेहुणीनं सांगून पाहिलं. मी ऐकून घेतलं.

गिटार मी घरीच नीट केली. पातळ तारा चढवल्या, सूर खाली आणला. दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते, ती किल्लीनं थोडी फिरवायची आणि थांबायचं. लाकडाला घाई चालत नाही. काडी जाईनाशी झाली, मग कागदच जायला लागला. शेवटी एका दुपारी मी बोट आडवं ठेवलं आणि सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या. फारसा जोरही लागला नाही.

सर बाजारात भेटतात. तेच आधी नमस्कार करतात. मी करत नाही.

गिटार आता कोणालाही वाजवता येईल अशी आहे. घरात मी एकटा आहे आणि राग अजून तेवढाच आहे.