आमच्या गोबरगॅसचा आजार

आमची गोबरगॅसची टाकी अधूनमधून आजारी पडायची. शेण तेवढंच, पाणी तेवढंच, म्हशीही त्याच; पण खड्ड्यावरचा लोखंडी ड्रम रोज थोडा थोडा खाली बसत जायचा. शेगडीची जोत दिव्याच्या वातीएवढी व्हायची आणि भाकरी फुगायची नाही. सासूबाई मग मीठ-मोहऱ्या घेऊन ड्रमची दृष्ट काढायच्या. काही दिवसांनी ड्रम आपोआप वर यायचा आणि घरात सासूबाईंचा मान वाढायचा. मी ड्रमवर दगड ठेवून बघायची. दगडाने जोत मोठी होते, पण गॅस लवकर संपतो. थंडीमुळे होत असेल असं मी म्हणायची, पण भर उन्हाळ्यातही ते व्हायचंच.

ही टाकी वळसंगजवळच्या आमच्या वस्तीवर, अगदी दारासमोर होती. सुरुवातीला एकाच टाकीवर दोन शेगड्या होत्या, माझी आणि धाकट्या जावेची. शेण कोण कालवतं आणि गॅस कोण जाळतं, यावरून आमची रोज जुंपायची. शेवटी दीर कुंभारी गावाला राहायला गेले आणि तिथं त्यांनी वेगळी टाकी बांधली. नवी टाकी नुसतं शेण भरून चालू होत नाही. चालू टाकीतलं पातळ शेण आणून त्यात ओतावं लागतं, दुधाला विरजण लावतात तसं. सासूबाईंनी आमच्या टाकीतलं शेण बादल्या भरभरून त्यांच्या गाडीत ठेवलं. "चुली येगळ्या झाल्या, शेण काय येगळं व्हतंय?" म्हणाल्या. त्या दिवसापासून आम्ही जावा एकमेकींशी बोललो नाही. लग्नकार्यात समोर आलो तर दोघींनाही दुसरीकडे काम निघायचं.

माझ्या मुलीची मुलगी तेव्हा सोलापुरात शिकत होती. डोळ्यांना दिसत नाहीत अशा जिवांचा तिचा अभ्यास. एकदा ती राहायला आली आणि नेमका तेव्हा गॅस बसला होता. मी सहज म्हणाले, "टाकीला बरं न्हाय." ती हसली नाही. किती दिवसांनी बसतो, आपोआप कसा येतो, सगळं विचारून घेतलं. जाताना रबरी बुचाच्या बाटलीत टाकीतलं शेण भरून घेऊन गेली.

पुढच्या वेळी आली ती स्वयंपाकघरात उड्या मारत.

"आजी, तुझी टाकी खरंच आजारी होती!"

"शेणाला सर्दी झालती व्हय?"

"शेणाला नाही गं. गॅस करणारे जीव असतात त्यात. त्यांना आर्किया म्हणतात. दिसायला जंतूंसारखे, पण त्यांची जातच निराळी. हवा लागली की मरतात. त्यांना झाला होता रोग."

"इतुक्याशा जिवाला रोग करणारा आनि किती बारका आसंल?"

"विषाणू असतो. त्यांच्या अंगात शिरतो, तिथंच वाढतो, त्यांना फोडून बाहेर पडतो. बहुतेक मरतात, थोडे वाचतात. वाचलेले पुन्हा वाढले की गॅस येतो."

म्हणजे सासूबाईंच्या मोहऱ्या फुकट गेल्या होत्या. तिने मोबाईलवर फोटो दाखवला. राखाडी रंगात काळे ठिपके होते, मला काही कळलं नाही. पण पोरगी त्या ठिपक्यांकडे नव्या नवरीसारखी बघत होती. असले विषाणू जगात फार थोड्या लोकांना सापडलेत आणि हा तर कुणीच पाहिलेला नाही, असं तिचं म्हणणं. तिची पदवी त्याच्यावरच उभी राहणार होती.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या प्रयोगशाळेतली वीज गेली. उबेचं कपाट थंड पडलं, बाटल्यांतले जीव मेले, त्यांच्याबरोबर विषाणूही गेला. तिने फोन केला. "आजी, काही बिघडलेलं नाही. टाकी आहे ना? मी रविवारी येते."

टाकी नव्हती.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी महिनाभर लेकीकडे होते. तेवढ्यात नातवाला बघायला पाहुणे येणार म्हणून मुलाने टाकी बुजवली. ड्रम भंगारात घातला, खड्डा उपसून त्यात मुरूम टाकला, वर ट्रॅक्टर उभा केला. मी परत आले तर अंगण सपाट.

"आई, दारात शेणाचा वास. पोरीकडचे काय म्हंतील? आनि सिलिंडर हाय की आता."

बोलून मुरूम निघत नाही.

रविवारी पोरगी आली आणि दारातच थांबली. मग मामाकडून पहार आणि खोरं मागून घेतलं. मुलाला वाईट वाटलं असावं, त्याने ट्रॅक्टर काढला आणि स्वतः खणलं. पुरुषभर खणल्यावर तळाशी उरलेलं शेण लागलं. पार वाळून भुगा झालेला, भेगाभेगांतून हवा शिरलेली. तिने तरी बाटली भरली. आठ दिवसांनी फोन आला, त्यात काही जिवंत नाही. तिच्या अभ्यासाची मुदत संपत आली होती आणि तिचे सर म्हणत होते, विषय बदल.

तेव्हा मी तिला कुंभारीच्या टाकीचं सांगितलं. आधी सांगायचं मनात आलं नव्हतं असं नाही, पण त्या दारात जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

जाऊ ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही.

"आक्का, वाट चुकला का काय?"

"पोरीला शेण पायजे."

"भांडून इतकी वर्सं झाली, आनि न्यायचं काय तर शेण!" ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, ते मला तेव्हा कळलं. पोरीकडे वळून म्हणाली, "ने बाई, पायजे तेवढं. तुझ्या पणजीचंच हाय ते."

तिची टाकी चालू होती. दीर गेले होते, मुलं शहरात कामाला. घमेल्यात शेण कालवायचं काम अजून तीच करत होती. पोरगी बाटल्या भरेपर्यंत आम्ही दोघी ओट्यावर बसलो. चहा झाला. ती म्हणाली, "तुमची टाकी बसायची तशी आमची एकदा लई बसली. पहिल्याच वर्सी. नंतर कधी न्हाय." मला त्याचं काही वाटलं नाही. पोरीला मात्र वाटलं, ती बाटली हातात धरून ऐकत उभी राहिली.

महिन्याने ती आली. या वेळी उड्या नव्हत्या.

"तिथले जीव आपल्याच टाकीतले आहेत, आजी. आणि विषाणू तिथं येऊन गेलेला आहे."

"गेलेला?"

"रोगातून वाचतात ना, ते जीव त्या विषाणूचा एक तुकडा कापून स्वतःच्या अंगात ठेवून घेतात. तो परत आला की ओळखायला. मग त्यांच्या पोरांच्या अंगातही तो तुकडा जन्मापासून असतो. धाकट्या आजीकडच्या जिवांमध्ये तसले तुकडे सापडले. माझ्या विषाणूशी जुळतात. म्हणून तिची टाकी पुन्हा बसली नाही."

"मग तुकडे जोडून त्यो परत करता येत न्हाय?"

"नाही. ओळखण्यापुरताच असतो तुकडा. एवढ्यावरून अख्खा कसा होता ते कळत नाही."

दोन्ही टाक्या एकाच शेणाच्या. माझी दर थोड्या दिवसांनी पडायची आणि उठायची, कारण रोग तिच्यात नांदत होता. तिकडची एकदाच पडली आणि शहाणी झाली. पोरीला शहाणी टाकी नको होती, तिला आजारी हवी होती. तीच आम्ही बुजवली.

तिने विषय बदलला. दह्याच्या जंतूंवर काहीतरी लिहून पदवी मिळवली आणि आता एका दूध डेअरीत नमुने तपासते. काम बरं आहे म्हणते. त्या काळ्या ठिपक्यांचा फोटो मोबाईलमध्ये आहे का, हे मी विचारत नाही. मुलगा अजूनही म्हणतो, "मला कुणी सांगितलं आसतं तर!" कोण सांगणार होतं? बाटली भरून नेल्यावरही शेणात पोरीचं काही अडकलेलं असेल, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मी आता महिन्यातून एकदा कुंभारीला जाते. मागच्या खेपेला जाऊ म्हणाली, तिच्या गुडघ्यांना आता शेण कालवणं होत नाही, पोरं टाकी बंद करायची म्हणतात.

"करू देऊ नगं," मी म्हणाले.

"काय म्हनून सांगू त्यास्नी? आत काय हाय म्हनून?"

साडी खोचली आणि त्या दिवशीचं शेण मी कालवून आले.