परागशेठची माफी

जव्हारात पराग दोन गोष्टींसाठी माहीत होता: वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आणि स्वतःचे नियम. दुकान वडील आणि आई वनमालाबाई बघत. नियम पराग बघायचा.

खोडाळ्याच्या पुढे, कुरणाच्या पाड्यामागे एक काळाकभिन्न कडा आहे. त्यावर दोर लावून चढता येईल हे पहिल्यांदा परागला सुचलं, आणि त्याचं हे श्रेय कोणी काढून घेऊ नये. जमीन वनखात्याची, वहिवाट पाड्याची. पठ्ठ्याने वर्षानुवर्षं दोन्हीकडचे उंबरे झिजवले, साहेबांपुढे हात जोडले, पाड्यावर बसून नागलीची भाकर खाल्ली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, आधी कडा. वनमालाबाई वैतागून म्हणायच्या, मग कड्यालाच घाल माळ.

परवानगीची मुख्य अट एकच होती. उजव्या अंगाला खुशाल चढा. डाव्या अंगाला आग्या माश्यांची मोहोळं लटकतात, तिकडे फिरकायचं नाही. परागने ती अट स्वतःच्या हाताने पाटीवर रंगवली आणि खाली आणखी अटी पदरच्या घातल्या. मुंबई-ठाण्याची पोरं आली की त्यांना पाटीपुढे रांगेत उभं करून मोठ्याने वाचायला लावायचा, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी. एकाने बिस्किटाचा कागद टाकला तर त्याला सगळ्यांदेखत असा झाडला की बिचारा परत आलाच नाही.

डावीकडे पहिल्यांदा गेला तो त्याच्याच चढाईच्या क्लबातला एक चेला. थोडंसं चढला, फोटो काढले, उतरला. पाड्याने बघितलं. अशा वेळची पाड्याची रीत साधी आहे. ज्याने केलं त्याने कोंबडा घेऊन यायचं, आंब्याखाली सगळ्यांसमोर उभं राहून ‘माझं चुकलं’ म्हणायचं, मग कोंबडा शिजवायचा आणि सगळ्यांनी त्याच्यासकट जेवायचं. हात धुतले की विषय संपला, पुन्हा कोणी त्याचं नाव काढत नाही. पराग त्या दिवशी घाईत होता. त्याने कोंबडा पाठवून दिला, उभं राहायचं राहून गेलं. पाड्याच्या वन समितीचा अध्यक्ष तुळशीदास जरा चुळबुळला, पण कोंबडा चांगला जाडजूड होता.

झालं. परागने त्यातून एवढंच उचललं की डाव्या अंगाचा भाव एक कोंबडा. पुढे पुढे तर चढण्याआधीच कोंबडा पोचू लागला. खोडाळ्याच्या बाजारात घ्यायचा, तंगड्या बांधून गाडीला लटकवायचा, तुळशीदासच्या ओट्यावर ठेवायचा आणि पोरांना सांगायचं, चला, आज डावीकडे, पण मोहोळांपासून लांबून. पाप करायच्या आधी प्रायश्चित्त उरकणारा असा गृहस्थ मी तरी दुसरा पाहिला नाही. तुळशीदासही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. कोणी कुरकुरलं की म्हणायचा, अरे, दंड भरलाय त्याने, आणि पुन्हा ताटात बघायचा.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत ठाण्याची नेत्रा आली. तिचे चढाईचे व्हिडिओ ढिगाने लोक बघतात. तिला मोहोळांच्या अगदी शेजारून वर जाणारी भेग हवी होती. पराग नाही म्हणाला. ती म्हणाली, या वाटेला तुझं नाव देऊ. आपण नाही म्हणालो होतो हे मग त्याच्या लक्षातच राहिलं नाही. शिवाय कोंबडा पोचलेला होताच.

सकाळी, दोर बांधायच्याही आधी, नेत्राचा ड्रोन उडाला. घरघरत मोहोळापाशी गेला आणि मोहोळ उठलं. पाटी वाचून आलेली सगळी मंडळी तंबूत घुसली आणि चेन ओढून बसली. खाली पाड्यावरच्या बायका मोह वेचत होत्या. त्यांच्या लुगड्यांना कुठल्या चेना? बाकीच्या ओहोळाकडे पळाल्या, गुडघ्याने अधू असलेली हिराबाई मागे राहिली. तिचं तोंड इतकं सुजलं की पोटच्या पोरीला ओळखू येईना. परागनेच तिला एका जीपमध्ये घालून जव्हारला दवाखान्यात नेलं, हेही खरं. चार दिवस जिवावरचं होतं. वाचली बिचारी.

साहेबांनी कडा बंद केला. सगळ्यांना, दोन्ही अंगांनी. नेत्राचं काय बिघडलं? तिला नाशिककडे दुसरा कडा मिळाला. परागला दुसरा कडा नव्हता. त्याचं जेवण सुटलं, दुकानात खिळे मागितले तर तो कड्या-कोयंडे काढून द्यायला लागला. पुन्हा साहेबांकडे गेला तेव्हा ते म्हणाले, पाडा हो म्हणाला तर उघडतो, नाहीतर विसरा. पाडा म्हणाला, ये आंब्याखाली.

निघाला. गाडीला कोंबडा, मागे दुसऱ्या गाडीवर क्लबची दोन पोरं. जव्हारपासून वाटभर हेल्मेटच्या आत घोकत होता, माझं चुकलं, माझं चुकलं. मोखाडा मागे पडेपर्यंत अगदी सहज जमायला लागलं होतं.

आंब्याखाली अख्खा पाडा बसला होता. पुढेच हिराबाई, चेहऱ्यावर अजून काळे डाग. पराग उभा राहिला. ज्यांच्या कड्यावर त्याने नियम शिकवले ती माणसं समोर मांडी घालून त्याच्याकडे बघत होती, आणि मागे त्याचीच पोरं. मग त्याने खाकरून सुरुवात केली, ती आदरणीय अध्यक्षांपासून. तुळशीदासला आजवर कोणी आदरणीय म्हटलं नव्हतं, तो दचकून मागे कोण आलंय ते बघू लागला. पुढे माता-भगिनी झाल्या, निसर्ग झाला, आणि शेवटी परागने सांगितलं, “कळत-नकळत काही त्रुटी राहून गेली असल्यास आणि त्यामुळे कोणाची मनं दुखावली असल्यास, क्लबच्या वतीने मी दिलगिरी व्यक्त करतो.”

हिराबाई म्हणाली, “माझा मन नाय दुखला. तोंड दुखला.”

कोणी हसलं नाही. पाड्यात सगळ्यांत म्हातारी पोशी. तिने विचारलं, “मंग चुकला कोन, पोरा?”

परागने वाऱ्याची दिशा सांगितली. ड्रोनची बॅटरी सांगितली. समन्वयाचा अभाव सांगितला. पोशीने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. ते दोन शब्द अगदी दातांशी येऊन थांबले होते. मागे पोरांपैकी एकाने मोबाइल वर धरल्याचं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

“तसं बघायला गेलं तर आजी,” तो म्हणाला, “चूक कधी कोणा एकाची नसते.”

पोशीने मान हलवली. “म्हंजे कोनी चुकला नाय. मंग कोंबडा कशाला?”

तिने कोंबडा त्याच्या हातात परत दिला. तुळशीदासने कोंबड्याकडे एकदा पाहिलं आणि आवंढा गिळला. माणसं उठली, कामाला लागली. कोणी शिवी दिली नाही, कोणी रागावलं नाही. परागला वाटत होतं, निदान कोणीतरी रागवावं.

पोरं पुढे निघून गेली. खोडाळ्याच्या अलीकडे एका वळणावरून कडा दिसतो. परागने गाडी थांबवली. उन्हं कलली होती आणि कडा मुळापासून माथ्यापर्यंत उजळला होता. त्यावरची एकेक खाच त्याच्या बोटांना पाठ होती. हे आता आपल्याला कायमचं बंद झालं, हे त्याला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं आणि तो ढसाढसा रडला.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. स्पष्ट, मोठ्याने, हवं होतं तसंच. पाडा काही फार लांब नव्हता. माणसं अजून अंगणात असतील, पोशीही असेल. मागे फिरावं असं त्याला मनापासून वाटलं, गाडी अर्धी वळवलीसुद्धा. मग म्हणाला, आता परत गेलो तर बरं दिसणार नाही, आणि जव्हारच्या रस्त्याला लागला.