लोकर कंपनीच्या भागीदारणी

दुपारची जेवणं आटोपली की सांगलीच्या गावभागातल्या एका माडीवर दोन शिवणयंत्रांची खडखड सुरू व्हायची आणि तिच्यावर ताण करणारं बायकांचं हसू रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. तो चारुशीला पाटणकरांचा शिवणवर्ग. तिथे पोलकी, परकर आणि बाळंतविड्याच्या टोप्या शिवल्या जातात हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तिथे शेअरबाजारही चालतो हे मात्र पुष्कळ नवऱ्यांना उशिरा कळलं.

सुरुवात झाली ती युद्धाच्या दिवसांत. विलायती साबण मिळेनासा झाला होता. मिरजेकडे एक नवी साबण कंपनी निघाली, तिचे थोडे शेअर चारुशीलेनं निव्वळ कुतूहलापोटी घेतले. भाव चढला. मनात आलं तसे तिनं ते विकून टाकले आणि आलेल्या फायद्यातून दुसरं शिवणयंत्र घरी आणलं. हमालानं ते माडीवर चढवलं, तेव्हा तिचे यजमान हरिपंत दारात उभे होते. ते शाळेत चित्रकला शिकवत. शांत माणूस, आवाज चढवणं ठाऊक नाही.

"यंत्र छान आहे," ते म्हणाले, "पण हा सट्टा झाला, चारू."

"सट्टा कसला? भागीदारी आहे ही."

यंत्राला तेल घालता घालता तिनं हे असं काही ठसक्यात सांगितलं, की हरिपंत हसून खाली निघून गेले.

वर्गातल्या बायकांनी दुसरं यंत्र पाहिलं आणि त्यांचेही डोळे लकाकले. पद्मा नवी लग्न झालेली, माहेरून मिळालेले पैसे डब्यात ठेवून बसलेली. धोंडुबाई विधवा, दिरांच्या घरात राबणारी, लोकांची पोलकी शिवून चार पैसे बाजूला टाकणारी. आणखीही चौघीजणी होत्या. "चारुताई, आमच्यासाठी पण बघा ना काहीतरी," असं रोज होऊ लागलं. चारुशीला वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून दाखवायची आणि बायका हातातली सुई थांबवून ऐकायच्या. आगपेट्यांची कंपनी, पेन्सिलींची कंपनी, मोटारींची कंपनी. युद्धाच्या त्या दिवसांत कंपन्या नुसत्या उगवत होत्या.

अशा वेळी मानसिंगराव आले. रेशमी फेटा, गोड बोलणं. कोरेगावला रेल्वे स्टेशनापलीकडे त्यांनी लोकर कंपनी काढली होती. माणदेशातली लोकर घ्यायची, यंत्रावर पिंजायची आणि लष्कराला कांबळी पुरवायची. "ताई, थंडी आहे तोवर आपल्या कंपनीला मरण नाही," ते म्हणाले. चारुशीलेला ते पटलं. तिनं स्वतःचे पैसे घातले आणि तिच्या शब्दावर वर्गातल्या सगळ्यांनी घातले. पहिली दोन वर्षं नफा आला. धोंडुबाईंनी त्यातून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीचं लुगडं घेतलं आणि ते नेसून त्या वर्गात आल्या तेव्हा बायकांनी त्यांना ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं.

मग युद्ध संपलं. लष्कराला कांबळी नकोशी झाली. मानसिंगराव सांगलीत दिसेनासे झाले. "जरा मंदी आहे, होईल ठीक," असं चारुशीला बायकांना सांगत राहिली आणि स्वतःलाही. एका दुपारी पद्मा धापा टाकत माडी चढून आली. तिचा भाऊ कोरेगाव स्टेशनात नोकरीला होता.

"ताई, कंपनीला कुलूप लागलंय. मानसिंगराव मुंबईला पळाले म्हणतात. त्यांच्या भावानं यंत्र मोडीत विकलंय. मोडवाला उद्या-परवा न्यायला येणार आहे."

दोन्ही यंत्रं थांबली. धोंडुबाईंनी हातातलं पोलकं घडी करून खाली ठेवलं. हरिपंत शाळेतून येताच तिनं त्यांना सगळं सांगितलं; ते ऐकून ते पुन्हा बाहेर पडले आणि जेवायलाच परतले. आपले पैसे गेले त्याचं तिला फारसं नव्हतं. धोंडुबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. हरिपंतांनी ताटावरून तिच्याकडे पाहिलं. आता ते म्हणणार, मी सांगितलं होतं. ती वाटच बघत होती.

"शाळेत रजा सांगून आलोय," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीनं कोरेगावला जाऊ. साताऱ्याचा रिसबूड वकील माझ्या वर्गातला. तारेनं त्यालाही बोलावलंय."

चारुशीलेला तेव्हा रडू फुटलं. पुढे कितीतरी वर्षं ती सांगायची, माझ्या नवऱ्यानं मला आयुष्यात पुष्कळ दिलं, पण त्या दिवशी जे बोलायचं टाळलं त्याची सर कशालाच नाही.

कोरेगावला ती दोघं उतरली आणि कंपनीच्या पत्र्याच्या शेडपाशी पोहोचली, तर तिथे जत्रा भरल्यासारखी माणसं. मोडवाल्याची बैलगाडी दाराशी लागलेली. बाहेर खांद्यावर घोंगडी टाकलेले दहिवडीकडचे धनगर. आणि आत, पिंजणयंत्राच्या ओट्यावर, एक म्हातारी मांडी घालून बसलेली. कपाळावर गोंदण, हातात काठी. तिचं नाव हरणाबाई. मोडवाला तिच्यापुढे हात जोडून उभा होता.

"आजी, उठा की आता. मी पैसे मोजलेत यंत्राचे."

"कुनाला मोजलंस? मला न्हाई मोजलंस." म्हातारी ढिम्म. "मानसिंगराव म्हनला, म्हातारे, लोकरीचं पैसं कशाला घेतीस, कंपनीत भाग घे. आमी घेतला. आता माजा भाग ह्यातला कुठला, ह्यो दात्यांचा का ह्यो चाकाचा, तेवढं दावा. त्यो काडून ठिवा आन् बाकीचं खुशाल न्या."

बाहेरची माणसं हसली. पण म्हातारी हसत नव्हती. चारुशीलाही हसली नाही. धनगरांना लोकरीची किंमत न देता मानसिंगरावांनी शेअर दिले होते, हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं निदान हौसेनं घेतले होते. या माणसांनी वर्षभर कातरलेल्या लोकरीचा तर नुसता कागद झाला होता.

ती पुढे झाली तशी म्हातारीनं काठी वर केली.

"तू कोन गं? त्येंचीच काय?"

"नाही हो आजी. माझेही पैसे आहेत या कंपनीत. सांगलीहून आलेय मी."

"मंजी तूबी भागीदार?"

"हो."

"मग हुबी का? बस की हितं. तुजाबी भाग हाय ह्यात."

चारुशीलेनं नवऱ्याकडे पाहिलं. हरिपंतांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनं पदर खोचला आणि ती म्हातारीशेजारी ओट्यावर बसली. यंत्राला लोकरीचा आणि जुन्या तेलाचा वास येत होता. म्हातारीनं चंची सोडली, तिच्यापुढे पान धरलं. "घे. लय येळ बसावं लागंल आपल्याला."

दुपार कलेपर्यंत त्या दोघी तिथेच बसल्या होत्या. मोडवाला वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी विनवण्या केल्या, मग तो चिडला, मग गाडीखाली सावलीत जाऊन झोपला. साताऱ्याहून रिसबूड वकील आले, त्यांनी त्याला उठवून समजावलं, की कंपनी बुडाली असली तरी कोर्टानं माणूस नेमल्याशिवाय तिच्या मालाला कोणी हात लावू शकत नाही, आणि मानसिंगरावांच्या भावाला तर मुळीच नाही. मोडवाल्यानं कपाळावर हात मारला आणि रिकामी गाडी जुंपून तो आपले पैसे वसूल करायला निघून गेला.

"गेला?" हरणाबाईनं विचारलं.

"गेला."

"मग मला उठाया हात दे, बाई. पाय पार मेलं."

सांगलीला परतल्यावर चारुशीलेनं वर्गातल्या सगळ्यांना बोलावलं. तिला क्षमा मागायची होती. जुळवून ठेवलेलं पहिलं वाक्य तिनं सुरू केलं. धोंडुबाईंनी तिला मधेच थांबवलं.

"अहो चारुताई, पुरे झालं. आमच्या घरात मला चहा किती टाकायचा तेसुद्धा विचारून टाकावा लागतो. तुम्ही मला विचारलंत, पैसे घालता का म्हणून. मी हो म्हणाले. माझं मी म्हणाले. बुडाले तर बुडाले." मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ते यंत्र चालतं का हो अजून?"

यंत्र चालत होतं. कोर्टाच्या माणसानं जागा आणि शेड विकून कंपनीचं देणं भागवलं. शेअर घेतलेल्यांच्या वाट्याला काही उरलं नाही. पिंजणयंत्राला मात्र लिलावात गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा धनगरांनी बोकड विकले, वर्गातल्या बायकांनी पोलक्यांचे पैसे काढले, चारुशीलेनं आपलं दुसरं शिवणयंत्र विकलं आणि सगळ्यांनी मिळून ते घेतलं. ज्यानं शेड घेतली त्यानं एक कोपरा भाड्यानं दिला. पद्माच्या भावानं यंत्राचं इंजिन चालवणारा गडी शोधून दिला. धनगर लोकर आणायचे, ती पिंजून निघाली की घोंगडी विणणारे सनगर येऊन न्यायचे, आणि थोडी सांगलीला यायची, तिच्या गाद्या-उशा वर्गातल्या बायका करायच्या. कोणी श्रीमंत झालं नाही. पण पिंजणाईचे पैसे वेळेवर येत आणि वाटणीला बसताना धनगर आणि गावभागातल्या बायका एकाच सतरंजीवर बसत.

स्वातंत्र्याच्या वर्षी, दिवाळी होऊन गेली होती. माणदेशातले मेंढरांचे कळप कृष्णाकाठच्या शेतांत खतासाठी बसायला निघाले होते. एका सकाळी गावभागातल्या त्या गल्लीत इतकी मेंढरं शिरली, की दूधवाल्याला सायकल डोक्यावर घ्यावी लागली. बायका माडीच्या खिडकीत गोळा झाल्या. खाली हरणाबाई उभी होती.

"आगं भागीदार!" तिनं वर पाहून हाक मारली. "खाली ये. वाटंत मेंढी याली. पोराला घटकाभर ऊब पायजे."

चारुशीला जिना उतरून आली. हरणाबाईनं ओलं, थरथरतं कोकरू तिच्या ओटीत घातलं. तिनं त्याला पदरात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. ते लटलट मान हलवत होतं. मागून धोंडुबाई गरम दूध घेऊन आल्या. हरिपंत कोपऱ्यात उभे राहून पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काहीतरी रेखाटत होते.

"आजी, तुम्ही त्या दिवशी तिथे बसला नसतात तर..." चारुशीला म्हणाली आणि थांबली.

"आगं, मी एकली किती येळ बसली असती?" हरणाबाई म्हणाली. "तू आलीस. बरं झालं बाई, तू आलीस."

दुधाचं बोट चाटून कोकरू बारीक ओरडलं. गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या मेंढीनं लगेच मान वळवून त्याला साद घातली.