चांगुणाबाईंनी घेतलेली पाकपुस्तकांची परीक्षा

तव्यावरचे बोंबील जळत होते आणि ते उलटायला कुणीच तयार नव्हतं. कारण पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं.

“पुढं वाच,” चांगुणाबाई म्हणाल्या. उलथनं त्यांच्या हातातच होतं.

त्यांची सून मेधा पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरून उभी होती. “‘खमंग तळून घ्यावेत. कोथिंबिरीने सजवून गरमागरम वाढावेत.’ संपलं, आई.”

“उलटायचं कुठं लिवलंय?”

“लिहिलेलं नाहीये.”

“मग मी न्हाय उलटणार.”

मी ओट्याच्या कोपऱ्यात रुमाल नाकाला लावून उभा होतो. पुस्तक माझ्या दुकानातलं. निवडून आणलेलंही मीच. त्यामुळे त्या धुराचा अर्धा वाटेकरी मी होतो.

ही दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ माझं पुस्तकांचं दुकान होतं. पुस्तकांचं म्हणजे काय, तर शाळेची पुस्तकं, गाइडं, वह्या, कंपासपेट्या. मागच्या बाजूला दोन फळ्या वाचणाऱ्या माणसांसाठी, आणि त्यातली अर्धी फळी पाकपुस्तकांची. आता खरं सांगतो. मला स्वयंपाकातला फक्त चहा येतो, आणि तोही पाणचट होतो असं आमच्या सौभाग्यवतींचं, सुनंदाचं, म्हणणं. पण वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना अगदी ठणकावून सांगत आलो होतो की हे पाकपुस्तक चांगलं, ते घेऊ नका. माझी कसोटी सोपी होती. फोटो रंगीत, कागद गुळगुळीत, पुस्तक जाड. बस्स!

मेधा शाळेत असल्यापासून माझ्या दुकानात यायची. वडील क्लार्क, घर शुद्ध शाकाहारी. तिने लग्न केलं खारबावच्या जयेशशी. त्यांची खाडीकडची जमीन गोडाऊनला दिलेली, नवा बंगला बांधलेला, घरात रोज मासळी. लग्नाला दोन वर्षं झाली होती. डिसेंबरात एक दिवस ती दुकानात आली आणि म्हणाली, “काका, मला शंभर पाकपुस्तकं हवीत. एकसारखी.”

मी स्टुलावरून पडायचा राहिलो. शंभर पुस्तकं मी एका वेळी फक्त पाचवीच्या गणिताची विकली होती.

“संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायचीत,” ती म्हणाली. “गावात दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाटतात. प्रत्येकीच्या घरी एकाच साइजचे सात-सात डबे झालेत. म्हटलं, काहीतरी वेगळं देऊ.”

“घरचे काय म्हणतात?”

“हसतात.” मग ती काउंटरवरच्या पेनांशी चाळा करत म्हणाली, “काका, दोन वर्षांत आईंनी मला मासा धुवायलासुद्धा दिलेला नाही. तुला न्हाय जमायचं, म्हणतात. ही पहिली गोष्ट आहे जी मी सुचवलीय. ती फसली ना, तर पुढची वीस वर्षं गावात मी पुस्तकवाली म्हणूनच ओळखली जाईन.”

सासूबाईंनी एक अट घातली होती. त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हा सुनेने वाचायचं आणि त्यांनी करायचं. लिहिलंय तेवढंच, जास्त नाही की कमी नाही. खाण्यासारखं झालं तर पुस्तक वाटायचं, नाहीतर डबे.

मला वाटलं, यात काय मोठंसं! माझ्या मनात पुस्तक ठरलेलंच होतं. माळ्यावर एका गुळगुळीत, जाडजूड, रंगीत पुस्तकाचा गठ्ठा पडून होता. आमच्या धंद्यात काही माल ‘नो रिटर्न’ असतो. म्हणजे विकला नाही तर प्रकाशक परत घेत नाही, तो तुमच्याच बोडक्यावर. तो गठ्ठा तसला होता. म्हटलं, देवानेच मेधाला पाठवलं. पण एकच पुस्तक दाखवलं तर बरं दिसत नाही, म्हणून सोबतीला आणखी तीन घेतली आणि बुधवारी सकाळी शेअर रिक्षाने खारबावला गेलो.

चांगुणाबाई साठीच्या. बारीक चण, आवाज खणखणीत. पुस्तकं विकणारा माणूस म्हणजे मास्तरच, असा त्यांचा समज. मी काही तो खोडून काढला नाही.

“मास्तर, तुमच्या पुस्तकात गॅस पेटवा असं लिवलंय का?” त्यांनी सुरुवातीलाच विचारलं.

“ते गृहीत धरतात.”

“बरं. तेवढी अक्कल मी माझी घालते.”

आणि मग ते बोंबील. ओला बोंबील पाण्याने भरलेला असतो, तळायच्या आधी दाबून त्यातलं पाणी काढावं लागतं. हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या गुळगुळीत पुस्तकाच्या लेखकाला ते बहुधा कधीच कळलं नसावं. त्याने लिहिलं होतं, ‘स्वच्छ धुऊन मसाला लावावा.’ बाईंनी धुतले, मसाला लावला, पिठात घोळवून तव्यावर टाकले. बोंबलांनी पाणी सोडलं, पिठाचा चिखल झाला, आणि मग ते खालून जळायला लागले. शेजारच्या पानावर फोटोत बोंबील कसे सोनेरी, ऐटीत बसलेले! वर पुस्तक इतकं जाड की सोडलं की आपोआप मिटायचं. मेधाचे दोन्ही हात त्यातच अडकले होते.

“हे चित्र कुठल्या बोंबलाचं हाय?” बाईंनी विचारलं.

दुसरं पुस्तक स्वस्त आणि लठ्ठ. शेकडो पदार्थ, प्रत्येकाला चार ओळी. मेधाने कोळंबीचं कालवण काढलं. ‘कृती वरीलप्रमाणे. फक्त खेकड्यांऐवजी कोळंबी घ्यावी.’ वर बघितलं, तर खेकड्यांची कृती मागील पानावरील तिसऱ्यांप्रमाणे. मागचं पान उलटलं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, मात्र सविस्तर होतं. वाटण घालून शिंपल्या उघडेपर्यंत शिजवाव्यात, असं.

बाईंनी कोळंबी वाटणात घातली, झाकण ठेवलं, आणि पाट ओढून शांतपणे बसल्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मेधा अस्वस्थ झाली.

“आई, कोळंबी रबरासारखी होईल.”

“उघडू दे की.” मग माझ्याकडे वळून, “मास्तर, कोळंबी कवा उघडते?”

जयेश दारात उभा होता. तो इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. मलाही हसू येत होतं, पण मेधाचा चेहरा बघून आवरलं. ती रडकुंडीला आली होती. दोन पुस्तकं गेली म्हणजे अर्धी लढाई हरली होती.

तिसरं पुस्तक मायक्रोवेव्हचं. घरात मायक्रोवेव्ह होता. त्यावर विणलेलं कव्हर होतं आणि आत भाकऱ्या ठेवलेल्या होत्या. भाकऱ्या काढल्या, मेधाने पान उघडलं, आणि लाइट गेली. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग कधी आणि किती तास, ते कुणी सांगू शकत नव्हतं. बाईंनी भाकऱ्या परत आत ठेवल्या. तिसऱ्याचा निकाल लागला.

“ते चौथं काय हाय? बिलाची वही?”

चौथं पुस्तक मी नुसतं संख्या भरायला उचललं होतं. पातळ, कागद पिवळट, फोटो एकही नाही. वाडा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने स्वतः छापून घेतलेलं. दुकानात नमुना म्हणून एक प्रत देऊन गेल्या होत्या, आम्ही तिला स्पेसिमेन म्हणतो. मी ती उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

मेधाने पुस्तक ओट्यावर ठेवलं. ते उघडंच राहिलं. पुन्हा बोंबील काढले.

“‘ओल्या बोंबलात पाणी फार असतं. मधून चिरून काटा काढा आणि दोन फळ्यांच्या मध्ये ठेवा. वर भरलेला हंडा ठेवा. दोन तास हात लावू नका. तेवढा वेळ नसेल तर आज बोंबील करू नका, दुसरं काहीतरी करा.’”

चांगुणाबाईंचा हात थांबला. “परत वाच.”

मेधाने परत वाचलं. बाई उठल्या, फळ्या आणल्या, हंडा भरला. दोन तास आम्ही बसलो. मला चहा मिळाला, माझ्या हातच्याहून पुष्कळच चांगला. दोन तासांनी हंडा काढला, मसाला झाला, तवा तापला. बाईंनी उलथनं उचललं आणि मेधाच्या पुढे धरलं.

“आता तू कर.”

“मी?”

“मी केलं तर माझा हात आपणच बरोबर करल. पुस्तक कुणासाठी हाय? ज्याला येत न्हाय त्याच्यासाठी. मग ज्याला येत न्हाय त्यानं करावं.”

पाकपुस्तकाच्या परीक्षेबद्दल याहून शहाणं वाक्य मी तरी आयुष्यात ऐकलेलं नाही.

दोन वर्षांत त्या ओट्यावर मेधाने पहिल्यांदा मासा उचलला. बोंबील तव्यावर ठेवला, घाईघाईत उलटला, आणि त्याचे तीन तुकडे झाले. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“काय बोलतं पुस्तक?” बाईंनी विचारलं.

मेधाने डोळे पुसून पान बघितलं. कृतीखाली ‘बिघडलं तर’ असा छोटा मजकूर होता. प्रत्येक पदार्थाखाली होता, हे मी नंतर पाहिलं. तिने वाचलं, “‘पहिला बोंबील बहुतेकींचा मोडतो. तवा पुरेसा तापलेला नसतो आणि आपण घाई करतो. तुकडे कुरकुरीत होऊ द्यावेत, करणारीने तिथेच उभ्याने खाऊन टाकावेत आणि कुणाला सांगू नये.’”

चांगुणाबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, थांबल्या, पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, “मी नवी सून होते तवा टोपभर बोंबलांचा लगदा केला होता. गोठ्यामागं पुरला. मांजरानं उकरून दारात आणला. सासू महिनाभर बोलत होती मना.” त्यांनी सुनेकडे बघितलं. “मना कुणी सांगितलंच नव्हतं, पहिला मोडतो म्हणून.”

त्यांनी तव्यावरच्या तुकड्यांतला एक उचलून तोंडात टाकला आणि दुसरा मेधाच्या हातावर ठेवला. मेधाने आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. तिने खाल्ला. पुढचे चार बोंबील तिने अख्खे उतरवले.

“हे वाटा,” बाई मला म्हणाल्या.

आता माझा नीचपणा सांगून टाकतो. माळ्यावरचा गठ्ठा माझ्या डोळ्यांपुढे नाचत होता. मी म्हणालो, “पुस्तक चांगलंच आहे, पण याच्या शंभर प्रती मिळणं जरा कठीण दिसतं. त्यापेक्षा ते पहिलं लगेच मिळेल. दिसायलाही छान.”

“मिळत न्हाय, तर दाखवायला आणलंत कशाला?”

दुपारी दुकानात येऊन मी पुस्तकामागचा नंबर फिरवला. त्या शिक्षिकाबाईंनीच फोन घेतला. शंभर प्रती म्हटल्यावर त्यांनी मला दोनदा विचारलं की मी नक्की त्यांच्याच पुस्तकाबद्दल बोलतोय ना. छापल्यापासून गठ्ठे त्यांच्या पलंगाखाली होते. चौथ्या दिवशी टेम्पोने आले.

हळदीकुंकवाला पुरुषाचं काय काम? पण सुनंदाला आमंत्रण होतं, तिने आल्यावर सगळं सांगितलं. पुस्तकं हातात पडल्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुजबूज सुरू झाली. मेधा हळदीकुंकवाचं तबक घेऊन नुसती उभी होती. शेवटी एक थोराड बाई मोठ्यांदा म्हणालीच, “चांगुणा, मना वाचता येत न्हाय. याचं काय करू मी?”

“मना तरी कुठं येतं?” चांगुणाबाई म्हणाल्या. “सून वाचल. आणि ती वाचल तवा तू गप बसशील. तेवढंच तिला बरं.”

सुनंदा सांगते, सासवा हसायच्या आधी सगळ्या सुना हसल्या.

माझा गठ्ठा माळ्यावरच राहिला. पण त्यानंतर मी माझी कसोटी बदलली. कुणी पाकपुस्तक मागितलं की फोटोंचं पान उघडून दाखवणं बंद केलं. म्हणायचो, तुम्हाला झोपेतही करता येईल असा एक पदार्थ यात काढा आणि नीट वाचा. काय काय लिहायचं राहून गेलंय ते तुम्हाला चटकन दिसेल. मग लक्षात घ्या, जे तुम्हाला येत नाहीत त्या पदार्थांतही तितकंच राहून गेलेलं आहे, फक्त तिथे ते तुम्हाला दिसणार नाही.

गिऱ्हाईक पाच मिनिटं वाचायचं, आणि बहुतेक वेळा पुस्तक फळीवर परत ठेवून निघून जायचं. पाकपुस्तकांची विक्री निम्म्यावर आली. घेऊन गेलेल्यांपैकी भांडायला मात्र कुणी परत आलं नाही.